समुद्राकडच्या खिडक्या

"हट माय, हट. माह्या लेकरायले वाट दे."

संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभे राहून सिंधुनाथ महाराज समुद्राला आज्ञा करत होते आणि मागे ओल्या वाळूत साठ-सत्तर माणसं हात जोडून बसली होती. सगळी आमच्या वर्धा जिल्ह्यातली. कुणी लकव्यानं वाकडं झालेलं, कुणाला दमा, कुणाला मूल नाही. बसमध्ये हाडं खिळखिळी करून ती कोकणातल्या या किनाऱ्यावर आली होती, आणि बहुतेकांनी समुद्र त्याच दुपारी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

भजन बराच वेळ चाललं. पाणी खरोखरच मागे गेलं. आधी काळ्या खडकाची पाठ उघडी पडली, मग तिथपर्यंत जाणारी दगडांची वाट, आणि वाटेच्या टोकाला एक शेंदरी गोल दगड. बायका रडू लागल्या. एका म्हाताऱ्यानं वाळूत लोळण घेतली. महाराजांनी पाय पुढे केले. ते ज्या पाण्यात धुतले ते पाणी चंदन नावाचा त्यांचा चेला वाटीनं लोकांना पाजत फिरू लागला. माझ्यापुढे वाटी आली तेव्हा तिच्यात वाळू होती आणि एक केस तरंगत होता. मी तशीच उठून मुक्कामाच्या हॉटेलाकडे चालू लागले.

मी आकांक्षा. रोहण्याच्या शाळेत भूगोल शिकवते. माझी मोठी बहीण जयवंताताई नाचणगावला दिलेली. ती, तिचे यजमान चंद्रभान भाऊजी आणि त्यांची तेरा वर्षांची मोहिनी यांच्यासोबत मी आले होते. मोहिनीला लहानपणापासून मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. "मोहिनीले समुद्र दाखवाले नेऊन राह्यलो, तूबी चाल," एवढंच ताईनं फोनवर सांगितलं होतं. महाराजांचं नाव मला बस पुलगाव सोडून गेल्यावर कळलं.

हॉटेल म्हणजे इंग्रजांच्या काळी एका जहाजवाल्या शेठनं बांधलेला दुमजली बंगला. नाव 'समुद्रमहाल'. एके काळी इथे साहेबलोक हवा खायला येत. आता सागवानी जिन्याचे कठडे गंजक्या तारेनं बांधलेले, भिंतींना खाऱ्या ओलीचे फुगे, बिलियर्डच्या टेबलावर ओल्या चादरी वाळत घातलेल्या. गाद्यांना मेलेल्या मासळीसारखा वास. पाटीवर मात्र अजून लिहिलेलं : 'प्रत्येक खोलीतून समुद्राचे रमणीय दर्शन'. आणि समुद्राकडच्या एकूण एक खिडकीवर पुठ्ठा ठोकून वर वर्तमानपत्रं चिकटवलेली.

मी मॅनेजर भूपेंद्रला कारण विचारलं. तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला की ग्रुपची तशी ऑर्डर आहे.

आमच्या खोलीशेजारच्या नत्थूजींनी खुलासा केला. मुहूर्ताशिवाय समुद्राकडे पाहिलं तर त्याला दृष्ट लागते आणि गुण येत नाही, असा महाराजांचा नियम होता. दुपारी आल्याबरोबर एकदा दर्शन, मग फक्त संध्याकाळी. महाराजांची थोरवीही नत्थूजींनीच सांगितली. ते मूळचे घनश्याम. यात्रेच्या बसगाड्या घेऊन याच हॉटेलात उतरायचे. इथेच समुद्रानं त्यांना हाक मारली. समुद्रानं काय हाक मारली ते मला चांगलंच समजलं. आपल्याकडची माणसं पाणी मागे सरकताना पाहून कशी तोंडं उघडी टाकून उभी राहतात, हे या टूर मॅनेजरनं पाहिलं होतं.

रात्री जेवताना मी ताईला सांगितलं की ही साधी ओहोटी आहे.

"मंग महाराजायनं म्हनल्यावरच काऊन जाते?" ती म्हणाली.

मी चंद्राची ओढ, पृथ्वीचं फिरणं समजावू लागले. भाऊजींनी शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं ऐकून घेतलं आणि हात धुवायला उठले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्याकडे नुसते शब्द होते.

दुसऱ्या दिवशी मोहिनी एकसारखी पाणी पीत होती. इंजेक्शन दिलं ना, असं मी ताईला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती "देल्लं" म्हणाली आणि दोन्ही वेळा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी महाराजांचं प्रवचन झालं. समुद्र हा डॉक्टरचाही डॉक्टर, त्याच्या पोटात मीठ आणि तुमच्या पोटात साखर, मीठ साखरेला खाऊन टाकतं, असलं काहीबाही. लोक माना डोलावत होते. संध्याकाळी मोहिनीला उलटी झाली. विष निघून जातंय, अडवू नका, असा निरोप महाराजांनी पाठवला.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला मोहिनीच्या हाकेनं जाग आली. ती खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती. ओलीनं सुटलेला कागदाचा आणि पुठ्ठ्याचा एक कोपरा तिनं नखानं सोलून काढला होता.

"मावशी, पाह्य न. समुद्र गेला. महाराज तं झोपून हायेत."

पण मी आधी तिच्याकडेच पाहिलं. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि भराभर चाललेला, आणि त्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा गोडूस वास. मी ताईला गदागदा हलवून उठवलं. तेव्हा ती रडत खरं बोलली. पहिल्या संध्याकाळी, मी किनाऱ्यावरून निघून आल्यानंतर, सगळ्यांनी आपापली औषधं समुद्राला वाहिली होती. मोहिनीचं इन्सुलिनसुद्धा, भाऊजींनी स्वतःच्या हातानं. तेव्हापासून पोरीला एकही इंजेक्शन नव्हतं.

मी चंदनला उठवून गाडी मागितली. महाराजांच्या हुकमाशिवाय गाडी हलत नाही, असं त्यानं जांभई देत सांगितलं. वळले तर भाऊजी दारात आडवे उभे.

"पोरगी मरून राह्यली, भाऊजी. दवाखान्यात न्या तिले."

"समुद्र हटवला त्या मानसानं. तुह्या डाक्टरायनं इतक्या वर्षांत काय हटवलं? आजच्या दिवस थांब."

मी वाद घातला नाही. कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि खिडकीवर घातलं. पुठ्ठा फाटला, कुजलेली झडप एका बिजागरीवर लोंबकळली. भाऊजींचा हात धरून मी त्यांना खिडकीपाशी ओढलं.

समोर पाटीवर लिहिलेलं ते रमणीय दर्शन होतं. पाणी दूर गेलेलं. काळा खडक उघडा, दगडांची वाट उघडी. वाटेवर गावातल्या चार बायका कासोटा मारून कालवं काढत होत्या. एक जण त्या शेंदरी दगडावरच पाय सोडून बसली होती आणि टोपलीतला चिखल निथळत होती. अलीकडे वाळूवर, भरतीनं आणून टाकलेल्या काडीकचऱ्यात, गोळ्यांच्या चांदीच्या पट्ट्या चमकत होत्या. दम्याचा एक निळा पंप होता. लोकांनी वाहिलेलं सगळं समुद्रानं परत आणून टाकलं होतं.

शेजारच्या मोठ्या खोलीतून महाराजांचं घोरणं ऐकू येत होतं.

"मंग आता कोनं हटवला?" भाऊजींनी हळू विचारलं.

"कोनंच नाई. दिवसातून दोनदा जाते आन् दोनदा येते. मानूस असो का नसो."

त्यांनी मोहिनीला खांद्यावर घेतलं आणि अनवाणी जिना उतरले. चंदन आडवा आला, त्याला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. रस्त्यावर मासळी उतरवून निघालेला एक टेम्पो मिळाला. त्याच्या घाणेरड्या, बर्फाळ पाण्यात पाय घालून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो.

मोहिनीला सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिनं चहा मागितला. डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना समोर बसवून सांगितलं, की संध्याकाळच्या मुहूर्तापर्यंत थांबला असतात तर पोरगी हाती लागली नसती. भाऊजी ऐकत होते आणि आपले तळहात पाहत होते.

मी हॉटेलात परत गेले आणि लोकांना जमवून सगळी युक्ती सांगितली. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते, तेव्हाच तो खडक पुरता उघडा पडतो, म्हणून महाराजांच्या सहली नेमक्या त्याच दिवसांत निघतात. ओहोटी रोज पाऊणएक तास उशिरा येते, म्हणून महाराजांचा मुहूर्तही रोज तेवढाच पुढे सरकतो. दगडाला शेंदूर नसून तैलरंग आहे, म्हणून तो पाण्यात टिकतो. आणि खिडक्या बंद ठेवल्या, कारण एका सकाळी जरी तुम्ही बाहेर पाहिलं असतं तर हे दुकान बसलं असतं. भूपेंद्रला मी सगळ्यांसमोर विचारलं, समुद्र असा रोज जातो की नाही? तो रोज जातो म्हणाला. त्यानं हे दरवेळी पाहिलं होतं, लोकांना औषधं फेकतानाही पाहिलं होतं, आणि गिऱ्हाईक जाईल म्हणून तो गप्प बसला होता. महाराजांपेक्षा मला त्याचीच जास्त किळस आली.

महाराज शांत होते. "समुद्र सकाळी माह्याच स्वप्नातल्या हुकमानं हटते," ते म्हणाले. आणि सांगायला लाज वाटते, पण निम्म्या लोकांनी त्यावर मान डोलावली. नत्थूजी मात्र उठले आणि वाळूत आपला दम्याचा पंप शोधायला गेले.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली. पहिली सही चंद्रभान भाऊजींची. आता नाचणगावात कुणी असल्या सहलीचं नाव काढलं की ते त्याच्या घरी जाऊन बसतात आणि लाज न बाळगता स्वतःच्या हातानं काय केलं ते सांगतात.

तुमच्याही गावात उद्या कुणी येईल. त्याच्याजवळ समुद्र नसेल, दुसरं काही असेल. त्याला एवढंच विचारा, की तुम्ही नसताना हे होतं का, ते आम्हाला पाहू द्याल का? तो पाहू देणार नाही. आणि आजारी माणसाचं औषध बंद करा, असं जो सांगेल, त्याच्या पाया पडू नका. पोलिसांना बोलवा.