कोणालाच न चढलेले रक्त

मी रक्ताची पिशवी. पोटात अजून थोडी ऊब आहे, तोवर बोलून घेते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी रिकामी, चपटी होते. तळाशी रक्त गोठू न देणारे थोडेसे औषध. नागपूरच्या एका रक्तपेढीत पडल्या पडल्या मी एकच स्वप्न पाहायची: मी कुणा बाळंतिणीच्या खाटेशी टांगलेली आहे आणि तिच्या ओठांवर हळूहळू रंग चढतो आहे.

शहरातल्या सक्करदरा वस्तीतल्या दादाजींना असली स्वप्ने कळत. शहर बसचे हे निवृत्त चालक दर वर्षी वस्तीतल्या जयंतीच्या शिबिरात रक्तदान करत. यंदा शिबिरातून त्यांना परत पाठवले. चेहरा लालबुंद, रक्त काकवीसारखे दाट. तपासणीत दुर्मिळ आजार निघाला, पॉलिसायथेमिया व्हेरा. शरीर गरजेपेक्षा जास्त रक्तपेशी बनवत राहते; दाट रक्ताची गुठळी हृदयात अडकली तर हृदयविकाराचा झटका, मेंदूत अडकली तर पक्षाघात. उपाय म्हणजे गोळ्या, आणि अधूनमधून रक्त काढून टाकणे. गोळ्या त्यांनी घेतल्या. रक्त फेकायला मात्र ते येईनात.

मग एका सकाळी चहाची बशी त्यांच्या हातातून निसटली. तोंड वाकडे झाले. लेकीला हाक मारायची, तर मेघा हे नावच जिभेवर येईना. घटकाभराने सगळे पूर्ववत झाले. दवाखान्यातून सावरून निघाल्यावर मेघा त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

रक्तपेढीतल्या कामिनी सिस्टरने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. हे कोणाला देणार, दादाजींनी विचारले. कोणालाच चढवता येत नाही, जाळावे लागते, ती म्हणाली. त्यांनी हात ओढून घेतला.

"एवढं चांगलं रक्त जाळून रायले तुम्ही?"

"चांगलं असतं बाबा, तर तोंड वाकडं झालं असतं काय?" मेघा म्हणाली.

ते हसले, पण हात दिला नाही. "आजवर दिलं ते कोणाच्या तरी कामी आलं. हे दान कोणाले वं?"

"मले," मेघा म्हणाली. "मले माहा बाप पाहिजे."

दादाजींनी हात गादीवर ठेवला आणि मूठ वळली.

रक्त संथ आले. मी फुगत गेले. त्या उबेत मला डेपोत उभी असलेली रिकामी बस दिसली, आणि पुढच्या सीटवर पेंगणारी एक लहानशी मुलगी.

आता मी जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात, तो न्यायला येणाऱ्या गाडीची वाट पाहते आहे. ऊब ओसरते आहे. बाहेर बाप-लेकीचे चालले आहे. ती म्हणते ऑटो करू, ते म्हणतात बसनेच जाऊ.

माझ्यासाठी हळहळू नका. ते घरी पोचले का, तेवढे पाहा.