केंकीनं हरवलेला अक्वेई

"लामटेला पाय होते, हात नव्हते," सोवा मास्तर म्हणाले आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, जणू लामटे जन्मभर खांद्याला नुसत्या बाह्याच लोंबकळवत फिरला होता.

चुलीपाशी कोर्कोई आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, केंकीचे गोळे मक्याच्या सालींत गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही. होमोवोच्या सणाआधीचा मुका महिना चालू होता. ढोल बंद, बॉक्सिंग क्लबाची घंटासुद्धा फडक्यात बांधलेली. या बाकाला मात्र कुणी फडकं बांधत नाही, असं तिच्या मनात आलं.

लामटे ईस्टरला वारला. तेव्हापासून वाद एकच : बुकॉम वस्तीच्या आजवरच्या लाइटवेट बॉक्सरांत सगळ्यांत मोठा कोण, लामटे की तिथंच बाकाच्या टोकाला बसलेला तिचा नवरा अक्वेई? क्लबाच्या भिंतीवर एकच चेहरा रंगवायचा होता. सोवा मास्तरांनी जन्मात कुणाला चापट मारलेली नाही, पण क्लबाचे अध्यक्ष म्हणून निकाल तेच देणार. लामटेनं लंडनात, मनिलात भलेभले लोळवले असं एकानं म्हटलं की दुसरा म्हणे, ते भलेभले होते की थकलेले बोकड? अक्वेईच्या डाव्या हाताचं नाव निघालं की तिसरा विचारी, तो डावा कधी समुद्र ओलांडून गेला का? दोघं समोरासमोर आले दोनदाच. पहिली लढत अक्वेईची, दुसरी लामटेची. गाडं त्या दुसरीपाशी येऊन अडे.

आणि दुसरी म्हणजे कोर्कोईची केंकी. लढतीआधीचं वजन झाल्यावर बायकोनं उपाशी नवऱ्याला खाऊ घातलं, पोट जड झालं, म्हणून अक्वेई पडला. हे पोरासोरांना पाठ. मुका महिना सरला की सणाच्या टिंगलीच्या गाण्यांत बायकाही गात :

लामटेची मूठ, मूठ कापसाची,
कोर्कोईची केंकी, केंकी दगडाची,
नवरा आडवा गं पहिल्या घासाला.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक. त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरलाच नव्हता. रात्री तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो म्हणाला होता, "त्याचा हात दिसतच नव्हता गं मला. लागला की कळायचा." सकाळी दाराशी कुणी विचारलं, तेव्हा त्यानं केंकीचं नाव घेतलं. सुजल्या तोंडाच्या माणसाला आणखी किती मार बसू द्यायचा, म्हणून ती गप्प राहिली. तेव्हा तिला तो लेकरासारखा वाटला होता. आता त्या लेकराला नातवंडं झाली.

"अक्वेई, लामटे काही आता भांडायला येत नाही," सोवा मास्तर म्हणाले. "तूच सांग. केंकी नसती तर?"

कोर्कोईचे हात थांबले. मेलेल्याला त्याची एक लढत परत दिली तर याचं काय जाणार होतं? एक भिंत. तिनं नवऱ्याकडे सरळ पाहिलं. त्यानंही पाहिलं. मग त्याची नजर नुकत्या चुना दिलेल्या भिंतीकडे गेली.

"केंकी नसती," अक्वेई म्हणाला, "तर लामटे तिसऱ्या फेरीत घरी गेला असता."

बाक खदखदला. निकाल तिथंच लागला. मास्तरांनी खुशीत तिच्याकडे हात केला. "वहिनी, द्या चार. त्याच जड हातच्या."

"संपली," भरल्या टोपलीवर झाकण ठेवत ती म्हणाली.

दोन दिवसांनी रंगारी ओब्लिटे शिडीवर चढला. खाली इस्त्रीचा सदरा घालून, हनुवटी वर करून अक्वेई बसला होता. भिंतीवर कपाळ झालं, डोळे झाले, आणि ओब्लिटे अडला. त्याला चेहरा जवानीतला हवा होता, समोर होता डावीकडे वाकल्या नाकाचा म्हातारा. टोपली डोक्यावर घेऊन कोर्कोई निघाली होती, तिला त्यानं वरूनच विचारलं, "काकू, काकांचं नाक तरुणपणी सरळ होतं ना?"

"होतं. दुसऱ्या लढतीपर्यंत."

"मग सरळच काढतो."

"लामटेनं ठेवलं तसं काढ," ती म्हणाली आणि चालू लागली.

ओब्लिटेनं खाली पाहिलं. अक्वेईची हनुवटी तशीच वर होती. मग म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि एकदाच होकाराची मान हलवली.

कुंचला डावीकडे वळला.