धोंडीकाकांचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. काळी, चौकोनी, बशीएवढी. लोक म्हणतात, मी आठवणी साठवते. खरं सांगू? माझ्या पोटात काय आहे ते मला कधीच कळलं नाही. तुम्हाला तरी तुमच्या पोटातलं कळतं का?

१९८६ साली मी मरोळच्या एका कारखान्यात आले. तिथे बाटल्यांच्या झाकणांचे साचे बनत. नव्या कॉम्प्युटरवर मालन बसायची. साचे घडवणारे धोंडीकाका दसरा झाला की निवृत्त होऊन कणकवलीला जाणार होते. प्लॅस्टिक निवताना किती आखडतं आणि साचा किती मोठा ठेवायचा, हे एकट्या त्यांच्या डोक्यात होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. तीन आठवडे ते सांगत होते आणि मालन ते माझ्यात भरत होती. मालकांनी फ्लॉपी एकच दिली होती. सगळे माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई, कशाबद्दल ते न कळताच.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. लेथला कुंकू, कानशीला कुंकू, अगदी झाडूलासुद्धा. मग काकांनी मला पाकिटातून काढलं.

"ह्याच्या पोटात माझी तीस वर्षां आसत, मगे ह्याका कुंकू नको?"

माझ्या अंगावर एक लांबट खिडकी आहे, कॉम्प्युटर मला तिथूनच वाचतो. काकांना ते कपाळ वाटलं. त्यांनी ओलं बोट नेमकं तिथेच टेकवलं. मला फार बरं वाटलं हो! इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

दसऱ्यानंतर मालनने मला कॉम्प्युटरमध्ये घातलं, तर नुसती खरखर.

"काका, कुंकवानं वाट लागली ना! सगळं गेलं!" ती रडायलाच लागली.

काका गोंधळले, मीही गोंधळले. पूजेनं कुणाचं वाटोळं होतं होय? त्यांची एस.टी. दुसऱ्याच दिवशीची होती.

"रडू नको गो," ते म्हणाले. "डोक्यातला खंय गेला? तिकीट परत कर. घे, पयल्यापासून सांगतंय."

आणखी आठ दिवस ते राहिले. पहिल्या वेळी विसरलेलंही त्यांना आता आठवलं. मालनने सगळं आधी वहीत लिहिलं, मग दोन नव्या फ्लॉप्यांत भरलं.

मित्रांनो, माझ्या बहिणींच्या खिडकीला बोट लावू नका. पण काका आदल्याच दिवशी एस.टी.त बसले असते तर? ज्यांच्या डोक्यात तीस वर्षं आहेत, त्यांच्याजवळ वेळेवर जाऊन बसा.

काका गेल्या शिमग्यात वारले. मी कारखान्यातल्या देवाच्या फोटोमागे असते. दर खंडेनवमीला मालन मला बाहेर काढते आणि काकांच्या बोटाच्या वाळल्या ठशावर आपलं बोट टेकवते.