धूळ जबल अलीची, पत्ता पुण्याचा

विलास शिर्के दमला होता. खेळून नाही, फाइल घेऊन फिरून.

दुबईत जबल अलीच्या गोदामांमागे एक खासगी कॉलेज होतं. दोन मजले, एक जनरेटर आणि मागे वाळूचं मैदान. विलास तिथला स्पोर्ट्स ऑफिसर. कोल्हापूरकडून जिल्हा खेळलेला गडी, ब्याण्णव साली इकडे आला. आता दोन हजार एक उजाडलं होतं. नऊ वर्षांत त्याने एकच गोष्ट धड उभी केली, ती म्हणजे व्हॉलीबॉलची टीम. समोर खेळायला कोणी नसायचं, म्हणून दर शुक्रवारी लेबर कॅम्पातले लोक कंपनीच्या बसने यायचे. आठवडाभर कंटेनर खाली केलेली ती माणसं, तरी कॉलेजच्या पोरांना धुऊन काढायची. पोरं घडली ती अशी.

कॅप्टन फैज, मूळचा रत्नागिरीचा, शेवटच्या वर्षाला होता. त्याच्यासोबत आणखी पाच जण शेवटच्याच वर्षाला. म्हणजे आठ मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या लीगमध्ये शिरायचं तर याच वर्षी. नाहीतर खलास.

आठातल्या पाचांना त्यांनी फ्रेंडली मॅचमध्ये हरवलं होतं. विलास फैजला आणि कपांचे फोटो घेऊन लीगच्या सेक्रेटरींकडे गेला. सेक्रेटरी लखनौकडचे, मऊ बोलणारे.

"टीम अच्छी है आपकी," ते म्हणाले. "लेकिन रिसर्च?"

"सर, वॉलीबॉल में कैसा रिसर्च?"

"वॉलीबॉल में नहीं, कॉलेज में. देखिए शिर्के साहब, कौन जीता ये प्रेसिडेंट लोग नहीं पूछते. बैनर पे उनके बाजू में किसका नाम लगेगा, ये पूछते हैं."

तीन वर्षांतले निदान तीन रिसर्च पेपर हवे होते, कॉलेजच्या नावाने. बुधवारपर्यंत.

परत येताना विलास फैजला म्हणाला, "सोयरीक जुळवताना करतात ना, तसलं आहे हे. पोरगा कसा ते कोण बघत नाही. घराणं दाखवा म्हणतात."

"आपलं घराणं म्हणजे कॉलेज?" फैजने विचारलं.

"हं."

"मग पोरगा बिनलग्नाचा राहणार, सर."

पण कॉलेजात एक शोभना मॅडम होत्या. केमिस्ट्री शिकवायच्या. एसीच्या जाळ्यांवर साचणाऱ्या धुळीने पत्रा कसा गंजतो, यावर त्यांचा अभ्यास. विलासला ते पक्कं माहीत होतं, कारण धूळ खरवडायला त्याचीच पोरं शिडीवर चढायची. उंच म्हणून फैज सगळ्यात वर. मॅडमनी कपाटातून पेपर काढले. एक नाही, चार निघाले. विलासने झेरॉक्स मारली, फाइलला लावली आणि मंगळवारीच देऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा एक दिवस आधी.

शनिवारी सेक्रेटरींचा फोन आला. "शिर्के साहब, पेपर पे पता तो पुणे का है."

विलासने तेव्हा कुठे झेरॉक्स उघडून नीट पाहिली. चारही पेपरांवर मॅडमचं नाव, त्यांच्या गाइडचं नाव आणि खाली पुण्याच्या लॅबचा पत्ता. त्याने आकडा मोजला होता. वाचलं काहीच नव्हतं.

"मॅडम, हे असं कसं?"

"असंच असतं, सर," शोभना मॅडम म्हणाल्या. "इथे साधा तराजू नाही धड. दर जूनला मी टँगच्या रिकाम्या बरण्यांत धूळ भरून पुण्याला नेते. एअरपोर्टवर दर वेळी विचारतात हे काय, मी सांगते, माती. सुट्टीभर माझ्या गाइड सरांच्या लॅबमध्ये टेस्ट करते. मग कॉलेजचं नाव कुठल्या तोंडाने घालू?"

"सासरची धूळ नि माहेरचा पत्ता."

मॅडम हसल्या. दमलेलंच हसल्या.

कॉलेजच्या ऑफिसने मात्र तोडगा काढला. एक पत्र टाइप करून विलासच्या हातात दिलं. सगळं संशोधन कॉलेजच्या लॅबमध्ये झालं, असं त्यात लिहिलेलं. खाली फक्त मॅडमची सही हवी होती. विलास ते घेऊन गेला. जाताना जिन्यात दोनदा थांबला, तरी गेला.

मॅडमनी वाचलं. पेनचं टोपण काढलं. "लॅब बघायला कोणी येणार का?"

"येणार म्हणतात."

"खालची रिसर्च लॅब?"

दारावर 'रिसर्च लॅब' अशी पाटी होती खरी. आत त्याचीच नेटं, खांब आणि हवा गेलेले बॉल होते. किल्ली त्याच्याच खिशात होती.

"तुमची नेटं दाखवायची का त्यांना?" मॅडम म्हणाल्या. "सर, मी सही करते. फैजसाठी करते. पण पुण्याला सरांना कळलं, तर पुढच्या जूनमध्ये बरण्या घेऊन मी कुठे जाऊ?"

विलासने पत्र परत घेतलं. घडी घालून खिशात ठेवलं. "राहू दे, मॅडम. खरं काय ते लिहा."

त्यांनी लिहिलं. धूळ जबल अलीची, गोळा करणारे विद्यार्थी कॉलेजचे, टेस्ट पुण्याच्या. पत्र लीगकडे गेलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, सध्या मेंबरशिप देता येत नाही, तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करा. तोवर फ्रेंडली खेळायला जरूर या.

मैदानावर विलासने पोरांना ते वाचून दाखवलं. फैज म्हणाला, "तीन वर्षांनी मी इथेच असेन सर, कुठल्यातरी गोदामात. कॅम्पच्या बसमध्ये बसून येईन शुक्रवारी. तुमच्याच टीमला हरवायला."

"ये की. कोण नको म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी विलासने लॅबचं कुलूप काढलं. नेटं, खांब, बॉल, सगळं बाहेर. खांब त्याने आणि फैजने खांद्यावर घेऊन जिन्याखाली टाकले. नेटं गाडीच्या डिकीत गेली. डिकी लागेना, तर फैज वरून बसला आणि लावली.

शोभना मॅडम दारात उभ्या राहून रिकामी खोली बघत होत्या. "सर, टेबल तरी कुठून आणणार?"

"बघू. पत्ता बदलायला तीन वर्षं आहेत. कॅम्पात सुतार आहेत दोघे," विलास म्हणाला. "त्यातला एक तर मस्त स्मॅश मारतो."