हात कुणी करायचा

बारामतीच्या हेडमास्तरांचा रघुनाथ पुण्याला गेला वकील व्हायला आणि परत आला तिपाई घेऊन. तिपाईवर एक काळी पेटी, पेटीला पुढे काचेचा डोळा आणि कुशीला चावी. आगगाडीतून उतरल्यावर त्याने हमालाला त्या पेटीला हातसुद्धा लावू दिला नाही. मास्तरांचं पोरगं वाया गेलं, असं पेठेत आठ दिवस बोललं गेलं. खुद्द रघुनाथला मात्र तसा तिळमात्र संशय नव्हता.

सन चौतीस होतं. सिनेमात देव, राक्षस आणि राजे यांची गर्दी उडाली होती आणि नुकते ते बोलू-गाऊही लागले होते. रघुनाथचं म्हणणं असं, की राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग खऱ्या माणसाचं खरं काम का दाखवू नये? मोठ्या खेळाच्या आधी पाच-सहा मिनिटांचं एक चित्र. आज कुंभार, उद्या लोहार, परवा पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी. पुण्यातल्या एका थिएटरच्या मालकाने पान चघळत सांगितलं होतं, "एक करून आणा, मग बघू." एवढ्या आधारावर या गृहस्थाने आईची समजूत घातली, वडिलांची नजर चुकवली आणि चार रिळं पैदा केली. एका रिळात दीड मिनिट, एका चावीत अर्धं मिनिट. चावी संपली की पेटी मुकी.

पहिलं चित्र गुऱ्हाळाचं करायचं, हे त्याने कधीच ठरवलं होतं. कालव्याच्या पाण्याने सगळा मुलूख उसाने हिरवा केला होता आणि लासुर्ण्याला सावळारामआबांचं गुऱ्हाळ जोरात चालू होतं. सावळारामआबा म्हणजे मोठा बागाईतदार, पण त्यांच्या गुळाला नाव होतं ते झुंबरतात्यामुळे. झुंबर गुळव्या. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, त्याचा पाक नेमका कधी झाला आणि काहील चुलवाणावरून कोणत्या क्षणी उतरवायची, हे हात वर करून सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर आधी उतरवली तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. झुंबरतात्याने चाळीस वर्षांत एक काहील करपवली नव्हती. म्हातारा बाकी कशाचा गर्व करत नसे. घर साधं, धोतर गुडघ्यापर्यंत, पागोट्याचा रंग उडालेला. पण एवढ्या एका गोष्टीवर तो ताठ चालायचा आणि चार गावं त्याला तसं चालू द्यायची.

पहिल्या दिवशी चित्र काढणं म्हणजे नुसता शिमगा झाला. रघुनाथ पेटीची मांडामांड करीपर्यंत बैल घाणा फिरून दमायचे, मोळी सोडायची ती सोडून व्हायची, आणि पेटी सुरू झाली की सगळे हातातलं टाकून फोटोला उभं राहावं तसे श्वास रोखून उभे राहायचे. पहिल्या रिळाचा तिसरा हिस्सा अशा पुतळ्यांवर गेला. मग रघुनाथने सगळ्यांना गोळा केलं.

"हे बघा, एकच नियम. मी हात वर केला की काम सुरू करायचं, हात खाली केला की थांबायचं. मी हात केल्याशिवाय कुणी काही करायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही. कबूल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. झुंबरतात्या मात्र पुढे आला आणि त्याने काहिलीच्या कडीवर उजवा हात ठेवला. गुऱ्हाळावर काहिलीची आण सगळ्यात मोठी. "तुमी पाव्हणं हाय, रघुनाथराव. हात क्येल्याबिगर आमी हलनार न्हाय. कायलीची आण."

आणि काय सांगावं, नियमाने जादू केली! हात वर की बैल चालले, हात खाली की थांबले. उसाच्या मोळ्या, घाण्यातून पडणारा रस, चिपाडं वाळत घालणाऱ्या बाया, भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी काढणारी झुंबरतात्याची बायको रंगूबाई, सगळं तीन रिळांत झक्क बसलं. रघुनाथला वाटलं, आपण काही साधे नव्हे. त्याच्या हे ध्यानातच आलं नाही, की बैल थांबतो, बाई थांबते, पण उकळी कुणाच्या बापाची वाट बघत नाही.

चौथं रीळ त्याने काहील उतरवण्यासाठी राखून ठेवलं होतं. चित्राचा जीवच तो. त्या दुपारी काहिलीत पाक दाट होऊ लागला, बुडबुडे मोठे झाले, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो तसा रघुनाथ आधीच सुरू झाला. झुंबरतात्या कसा वाकतो, कसा बघतो, यावर पहिली चावी संपली. दुसरी भरायला घेतली तर बोटं चिकट. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हाताने ठेवत नाहीत, तेव्हा सावळारामआबांनी थोड्याच वेळापूर्वी पाहुण्याच्या हातावर गरम गूळ ठेवला होता आणि पाहुण्याने तो बोटं चाटून खाल्ला होता. चावी बोटांतून सटकू लागली. धोतराला पुसावी तर धोतरच चिकटायचं.

इकडे झुंबरतात्याने पाण्यात बोटं बुडवून पाकाची चिमूट उचलली आणि गोळी वळली. पाक आला होता. चार गडी काहिलीच्या कड्यांत दांडे घालून वाकले. तात्याने रघुनाथकडे पाहिलं. रघुनाथची मान चावीवर. गड्यांनी तात्याकडे पाहिलं. तात्याचा हात खालीच. वास बदलला. सावळारामआबांच्या तोंडून "आरं झुंबर..." एवढं निघालं आणि तेही थांबले, कारण बोलायचं नव्हतं.

शेवटी चावी भरली. रघुनाथने नेहमीसारखी कळ दाबली, डोळा लावला आणि मग मोठ्या झोकात हात वर केला. गड्यांनी काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ खड्ड्यात, ओतली. काळाकुट्ट धूर उठला. पेटी कुरकुरत राहिली, चावी संपेपर्यंत.

मग रघुनाथने पेटीवरून डोळा काढला आणि वास त्याच्या नाकात गेला.

तो गूळ आता बाजारात जाणार नव्हता, जनावरांच्या आंबोणात जाणार होता. झुंबरतात्याने हात धुतले, पागोटं सारखं केलं आणि तो चिपाडांच्या ढिगाआड जाऊन पाठमोरा बसला. रघुनाथला पृथ्वी दुभंगावी असं झालं. तो सावळारामआबांपुढे हात जोडू लागला तर आबा म्हणाले, "कायलीचं काय, उद्या दुसरी चढंल. त्याचं बगा."

रंगूबाई हातातला झारा आपटून उठली. "तुमच्या यंत्राला चावी लागती, रघुनाथराव. कायलीला लागत न्हाय."

त्या वाक्याने रघुनाथचं सगळं पुणं उतरलं. तो ढिगाआड गेला आणि तात्याच्या शेजारी मातीत बसला. "तात्या, चूक माझी आहे. तुम्ही का थांबलात? मला हाक तरी मारायची!"

"शब्द दिल्ता," म्हातारा म्हणाला. मग त्याने विचारलं, "पेटीत किती ऱ्हायलंय?"

"एक चावी."

"मंग उद्या सकाळी या. हात धुऊन या. आन् एक सांगतो, उद्या हात मी करनार. मी हात क्येला की तुमी कळ दाबायची. तवर पेटीला शिवायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी रघुनाथ हात धुऊन, चावी भरून, शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. झुंबरतात्याने गोळी वळली, बोटांत फिरवली, मान वर केली आणि सरळ पेटीच्या डोळ्यात बघून हात वर केला. रघुनाथने कळ दाबली. त्याच दमात गड्यांनी काहील उचलली, आणि सोनेरी पाक वाफ्यात असा पसरला की रघुनाथच्या अंगावर काटा आला. अर्ध्या मिनिटात सगळं झालं. इतकं नेमकं काम त्याने त्याआधी कधी केलं नव्हतं.

पुण्यात रिळं धुऊन झाली आणि थिएटरच्या मालकांनी ती बघितली. बघताना पान चघळायचे थांबले, म्हणजे आवडली. "घेतो," ते म्हणाले. "वर्षभर करा अशी. फक्त दोन गोष्टी. तो काळा धूर काय झकास आलाय! शेवट त्याच्यावर करा. आणि तो म्हातारा हात करून आपल्याकडेच बघतो, ते कापून टाका. विचित्र दिसतं."

रघुनाथला जे हवं होतं ते समोर होतं, नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. पुण्याच्या प्रेक्षकाला धूर म्हणजे धूर. पण तेच चित्र इंदापूरला सिनेमाच्या तंबूत लागलं, की चार गावांतली माणसं त्या धुराचा रंग बघून ओळखतील. चाळीस वर्षांचं नाव अर्ध्या मिनिटात जाईल, आणि तेही रघुनाथच्या चिकट बोटांपायी. त्याने विचार करायला वेळ मागितला. रात्री बसून त्याने धुराचा तुकडा कापून काढला, मूळ फीत आणि प्रत दोन्ही, आणि सकाळच्या गाडीने तो निघाला.

लासुर्ण्याला चुलवाण धडधडत होतं. रघुनाथने फितीची गुंडाळी झुंबरतात्याच्या हातात दिली. "ही त्या दिवसाची. दुसरी कुठे नाही. लांबून टाका आत, फार भडकते. एकदा जळली की कुणी बघणार नाही."

तात्याने फीत उलगडून उन्हाकडे धरली. नखाएवढ्या चौकटी, एकीखाली एक. प्रत्येकीत तोच, काहिलीपाशी उभा. रंगूबाईही वाकून बघू लागली. म्हाताऱ्याने बोटाने एकेक चौकट मोजल्यासारखी केली.

"ह्यात माजा हात कुठं हाय?"

"खाली आहे, तात्या."

"हितं? आन् हितं?"

"खालीच."

"कायल करपतीया, मला दिसतंय, तरी हात खाली हाय." तात्या स्वतःशीच हसला. "मी म्हनत हुतो, लोकं म्हनतील झुंबरचा डोळा ग्येला. हितं तर दिसतंय की डोळा हाय, शब्दबी हाय. जाळायचं कशापायी? ठिवा ह्ये. पर नुसतं ह्येच न्हाय. म्होरं दुसऱ्या दिवसाचंबी पायजे, माज्या हातासकट. दोन्ही ऱ्हाऊ द्या, न्हायतर दोन्ही टाका चुलीत."

"लोकांना काय सांगाल?"

"त्ये माजं मी बगीन."

रघुनाथने पुण्याला जाऊन तेच मालकांना सांगितलं, दोन्ही राहतील नाहीतर चित्र मिळणार नाही. आवाज चढवला नाही, पण पायही मागे घेतला नाही. मालकांनी दोन पानं संपवली. "बरं," ते अखेर म्हणाले, "पण पुढच्या चित्रात म्हातारे कमी आणा."

पुण्याच्या आधी मात्र चित्र इंदापूरच्या बाजारात तंबूत लागलं, तशी रघुनाथची अटच होती. लासुर्ण्याहून सहा गाड्या जुंपून माणसं आली. दिवेलागणीला तंबू गच्च भरला, बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. रघुनाथ स्वतः यंत्राचा दांडा फिरवत होता. बैल दिसले तेव्हा लोकांनी बैलांची नावं घेतली. रंगूबाई मळी काढताना दिसली तेव्हा बायकांत खसखस पिकली. मग काळा धूर आला.

अंधारातून कुणीतरी हळूच म्हणालं, "करपली की."

झुंबरतात्या उभा राहिला. यंत्राच्या झोतात त्याचं पागोटं पडद्यावर मोठं उमटलं.

"व्हय, करपली. माजीच. चाळीस सालात येक. पाव्हण्याला शब्द दिल्ता म्हनून हात खाली हाय, नीट बगा. आता म्होरं बगा." आणि तो खाली बसला.

पुढे तो पडद्यावर होता. गोळी बोटांत फिरली, मान वर झाली. पडद्यावरच्या झुंबरतात्याने सगळ्या तंबूकडे सरळ बघितलं आणि हात वर केला.

तंबूत चार ठिकाणी काहिलीचे चार गडी ताडकन उठून उभे राहिले, हात पुढे, कंबर वाकलेली, दांड्याला भिडायला तयार. कुणीच हसलं नाही. सगळा तंबू त्यांच्याबरोबर श्वास धरून होता. पडद्यावर पाक लखलखत वाफ्यात पसरला. रघुनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दांडा फिरवणारा हात त्याने थांबवला नाही.

बायकांच्या बाजूने रंगूबाईचा आवाज आला, "बसा की आता खाली. उतरली कायल."