कर्जाची खुर्ची

आमदारबाईंना जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. त्यांचा विषय निघाला की लोक सभागृहातल्या भाषणाची आठवण काढतात. भाषण चांगलंच होतं. पण त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे सुताराला, विचारलं तर तो बँकेतल्या एका खुर्चीबद्दल सांगतो.

बाई निवडून आल्यापासून प्रत्येक अधिवेशनात एकच विषय लावून धरायच्या. खेड्यात बँक हवी, आणि ज्याच्याकडे जमीन नाही, दागिना नाही, त्यालाही दोन शेजाऱ्यांच्या जामिनावर कर्ज मिळायला हवं. त्या बोलायला उभ्या राहिल्या की मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणायचं, "आली बँक." बाई हसायच्या आणि सुरुवात करायच्या. एकदा अर्थमंत्र्यांनी विचारलं, ही माणसं पैसे बुडवणार नाहीत कशावरून? बाई म्हणाल्या, "साहेब, गरीब बुडवेल कसा? त्याला पुढच्या वर्षी परत मागायचं असतं." 

कायदा झाला, पण अटीवर. आधी थोड्या गावांत वर्षभर शाखा चालवून बघायच्या. जिथे कर्ज उचललं जाणार नाही तिथली शाखा बंद करायची.

त्यातली एक शाखा बाईंच्याच गावात आली. बाजाराच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीसमोर, मोठी काच लावलेली खोली. उद्घाटनाला गर्दी झाली. लोकांनी बचतीची खाती उघडली, पंख्याखाली बसून घेतलं. कर्ज मागायला मात्र कुणी फिरकेना. वर्ष सरत आलं तेव्हा मॅनेजर घरी आला. तरुण, शहरातला, पण माणूस सरळ होता. तो म्हणाला, "बाई, पुढच्या महिन्यात वरून साहेब येणार आहेत. त्यांना दाखवायला माझ्याकडे एकही कर्जदार नाही."

बाईंना सगळं समजलं. त्यांच्याच गावातली शाखा बंद पडली असती, तर बाकीच्या गावांचं नाव काढायची सोय राहिली नसती.

त्या दिवशी बाई पानावर बसल्या, पण हात चालेना.

"व्याज सावकाराच्या निम्म्याहून कमी," त्या म्हणाल्या. "जामीन शेजाऱ्याचा. मग घोडं अडलंय कुठे?"

सुतार जेवत होता. तो घास संपवून म्हणाला, "सावकाराच्या घराची दारं कुणी केली?"

"तुम्ही. आता त्याचं काय?"

"मागच्या दाराच्या बिजागऱ्या दोनदा बदलल्यात मी. पुढच्या अजून नव्यासारख्या आहेत."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"अगं, मागायला कोण पुढच्या दारानं जातं? अंधार पडला की गल्लीतून जायचं, खालच्या आवाजात बोलायचं, निघून यायचं. तुझ्या बँकेत कर्जाचं टेबल कुठेय? काचेला चिकटून. समोर टपरी. त्या खुर्चीत बसलेला माणूस चहा संपायच्या आत गावभर होतो."

"हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठे? तू मंत्र्यांना विचारत होतीस."

बाईंना हसू आलं, आणि मग त्या जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला मागच्या भिंतीत दार पाडायला सांगितलं. त्याने कानाला हात लावले. तिजोरी असलेल्या खोलीला दुसरं दार चालत नाही, तसा नियमच होता. टेबल आत सरकवायला जागा नव्हती. काचेला पडदा लावून बघितला, तर पडद्याआड कोण आहे हे बघायला लोक टपरीवरून उठून यायला लागले. पडदा काढला.

मग सुतार एक दिवस रंधा खाली ठेवून म्हणाला, "मी जातो. मी बसतो त्या खुर्चीत."

बाई म्हणाल्या, "तुम्ही? तुमच्या घराण्यात कुणी हात पसरला नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय."

ते खरं होतं. सुताराला दुसरा कसला अभिमान नव्हता. बापाने पाट्या वाहिल्या, पण उधार घेतलं नाही. त्यानेही नाही. घरी कुणी पाहुणा आला की ही गोष्ट चहाबरोबर यायचीच.

"कापायचं मशीन घ्यायचंच आहे," तो म्हणाला. "तुझ्या योजनेतलं कर्ज नको. साधं घेतो, पुरं व्याज भरून. जामीन मात्र दोन शेजाऱ्यांचाच देतो."

"लोक म्हणतील, बाईंनी नवऱ्याची सोय लावली."

"म्हणतील. म्हणून तू आत यायचं नाहीस. त्या दिवशी बँकेची पायरी चढायची नाही."

बाईंनी खुंटीवरचा त्याचा सदरा बघितला. मग म्हणाल्या, "सदरा इस्त्रीचा घाला."

बाजाराच्या दिवशी तो गेला. रस्ता भरलेला होता. पुढच्या दारानं आत शिरला आणि काचेजवळच्या खुर्चीत बसला. बसताना त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. टपरीवरच्या माना वळल्या. बाई टपरीच्या बाकावर चहा घेऊन बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली.

मॅनेजरने हळूच विचारलं, "किती हवेत?"

सुताराने आकडा सांगितला, तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मॅनेजर दचकला. "आणि जामीन?"

"आणतो," म्हणून सुतार उठला, दारात उभा राहिला आणि टपरीकडे बघून म्हणाला, "कर्ज काढतोय. जामीन कोण राहतंय?"

 मग न्हाव्याने कप ठेवला. "काय हो सुतार, घरात आमदार असून जामीन बाहेरून?"

"घरची नको. घरची वसुली फार कडक असते."

टपरी हसली. न्हावी बाईंकडे वळला. "काय बाई, राहायचं का याला जामीन? पैसे देईल का हा?"

"मला काय विचारता," बाई म्हणाल्या. "मी संसार केलाय, व्यवहार नाही."

आता भाजी घ्यायला आलेले लोकही थांबले. न्हावी म्हणाला, "चला, मी एक. बुडवलंत तर जन्मभर दाढी तुमच्याच तासणीनं करीन." आणि तो आत गेला.

दुसरा कोणी पुढे येईना. सुतार तसाच दारात उभा होता. इतका वेळ असं उघड्यावर मागत तो आयुष्यात उभा राहिला नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यावर कपडे शिवायला बसणारी बाई पिशवी सांभाळत पुढे आली. तिने चारचौघांत आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

"मी राहते दुसरी," ती म्हणाली. "पण एक सांगते दादा. माझ्या वेळेला तुम्ही राहायचं."

"तुझ्या वेळेला म्हणजे कधी?"

"तुमचं झालं की. आलेय तर बसूनच घेते."

सुताराने सही केली, न्हाव्याने केली, तिने अंगठा दिला. सुतार उठला आणि त्याने खुर्ची तिच्याकडे वळवून दिली. ती बसली, पदर सारखा केला. मॅनेजरने विचारायच्या आत सांगून मोकळी झाली, "शिलाई मशीन. पायाचं नको, मोटरचं. गुडघे दुखतात."

बाहेरून कुणीतरी म्हणालं, "मावशी, किती?" तिने काचेतून आकडा सांगितला. कुणी हसलं नाही. चांभार मात्र टपरीवरून उठला आणि दाराशी येऊन उभा राहिला, नंबर लावल्यासारखा. त्याच्या मागे आणखी एक जण आला.

सुतार रस्ता ओलांडून बायकोजवळ आला. तिचा चहा गार झाला होता, तो त्याने उचलून पिऊन टाकला. त्याला वाटलं, ती आता काहीतरी म्हणेल. ती काचेकडे बघत होती, डोळे भरलेले होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की कायदा पास झाला त्या दिवशीही त्याने ते बघितलं नव्हतं.

"त्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय," ती म्हणाली. "ती बसली तेव्हा दिसलं. उद्या ठोकून द्या. आता रोज लागणार आहे."