गिधाडांसाठी घेतलेली बांधी

लटारूची चार एकर धानाची बांधी डोंगराच्या पायथ्याशी होती आणि वरच्या अर्जुनाच्या झाडांवर गिधाडं घरटी करत. एवढाच तिचा गुन्हा. गिधाडं वाचवायची म्हणून नगर पंचायतीनं ठराव केला आणि हीच जागा घ्यायची ठरवली. मेलेली गुरं तिथं आणून टाकायची, गिधाडांनी ती खायची, आणि पाहुण्यांनी मचाणावर बसून बघायचं. जमीन जाते म्हणून लटारू फारसा भांडला नाही. गुडघे गेले होते, पोरगी सासरी होती. त्याला हवी होती फक्त एक गोष्ट.

त्या बांधीत त्यानं आणि त्याच्या बापानं मिळून पाच बैल पुरले होते. शिंगांना हळद, अंगावर कोरं धोतर, खड्ड्यात मिठाचं पोतं. त्या घरात म्हातारा बैल कोणी विकला नाही की माळावर फेकला नाही. आता गोठ्यात एकटा लाख्या उरला होता, अठरा वर्षांचा, दात पडलेला. त्याचा जोडीदार मागल्या साली त्याच मातीत गेला होता.

"माहा लाख्या गेला का त्याले जोडीदाराच्या बाजूले पुरू देजा," लटारू नगराध्यक्ष गुणवंतरावांना म्हणाला. "बाकी काई मागत नाई जी."

"अरे लटारूभाऊ, बैलाले काय, तुलेही पुरू तिथी!" गुणवंतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळे खो खो हसले. लटारूही हसला आणि सही करून मोकळा झाला.

घरी बायकोनं, आशाबाईनं, विचारलं, "कागदावर लिवून घेतलं का?" तर हा गडी तिच्यावरच खेकसला. चार माणसांत दिलेला शब्द कागदावर मागायचा म्हणजे देणाऱ्याला तोंडावर लबाड म्हणायचं! त्याच्या गावात असं कोणी करत नव्हतं. भोळा कुठला.

कुंपण झालं, फाटक झालं, मचाण झालं. उद्घाटनाला मोठे साहेब यायचे होते आणि नेमकं तालुक्यात एक ढोर मरेना. गुणवंतरावांची झोप उडाली होती. अन् आदल्या दिवशी सकाळी लाख्या गेला. वय झालं होतं, खाली बसला तो उठलाच नाही. आशाबाईनं हळद लावली, कोरं धोतर घातलं. शेजाऱ्याच्या ट्रॉलीत बैल, मिठाचं पोतं आणि कुदळ घालून लटारू फाटकावर पोचला.

"देवासारखे आले भाऊ!" वनरक्षक लोकेशनं फाटक सताड उघडलं. मंडप घालणारे पंधरा लोक जमा झाले. गुणवंतराव तर नाचायचेच बाकी होते.

"मचाणासमोर उतरवा," ते म्हणाले. "अन् कातडं सोलणाऱ्याले बलवा, गिधाडांले खाता आलं पाह्यजे."

"कातडं काऊन? मी खड्डा करतो जी. तुमी कबूल केलं होतं."

"खड्डा? इथी आता कुदळ चालत नाई, लटारूभाऊ. संरक्षित जागा हाय. तेव्हा मस्करी केली होती मी, तू खरंच समजला का?"

लटारूनं लाख्याच्या शिंगाची हळद पाहिली, मग मचाणावरच्या लाल खुर्च्या पाहिल्या. आणि त्याला लोकेशनंच मागं गावच्या सभेत सांगितलेलं आठवलं, की बंदी असलेली दुखण्याची सुई टोचलेलं ढोर खाल्लं तर गिधाडं मरतात.

"याले सुई देल्ली होती," तो म्हणाला. "बंदीवाली. जुनी होती घरी."

सगळे ट्रॉलीपासून मागं सरकले. बाबा रे, काय आनंद झाला त्याला! आता बैल नकोसा झाला, आता परत मिळेल.

लोकेशचा चेहरा उतरला. "मग याले पुरताही येत नाई, भाऊ. रानडुकरं उकरतात, मग गिधाडं येऊन खातात. जाळावंच लागते."

"माह्या घरामागं पुरतो!"

"कुठीच नाई," गुणवंतराव कडाडले. "कचरा डेपोवर न्या! अन् याच्यावर केस करा. गिधाडांच्या जीवावर उठला हरामखोर."

ट्रॉली निघाली. लटारू त्या गुडघ्यांनी मागं धावला. डेपोवर लाख्याला ढकलून खाली पाडलं, धोतरासकट, आणि वरून जुने टायर रचले. तेव्हा तो लोकेशच्या पायांवर पडला.

"खोटं बोललो मी! सुई नाई देल्ली! पोरीची शप्पथ! सोला त्याले, गिधाडांले घाला, साहेबांले दाखवा, पण बांधीत न्या जी. माह्या बांधीत न्या!"

लोकेशला रडू येत होतं. "तुमचं खरंही असन, भाऊ. पण आता एक गिधाड जरी मेलं, तर माही नोकरी जाते."

त्यानं डिझेल ओतलं आणि काडी लावली.

एवढा मोठा बैल तो, कुठं जळतोय! तासाभरात आग बसली. मागचं अंग तसंच राहिलं आणि डेपोवरची कुत्री हळूहळू जवळ सरकायला लागली. गुणवंतराव नाकाला रुमाल लावून म्हणाले, "टायर कमी पडले."

लटारू उठला आणि कचऱ्यात टायर शोधायला लागला.